क्रीडामंडळाची वही आणि मुलांची खाजगी माहिती

महाराष्ट्रांतील खेळांचा इतिहास पाहूं गेल्यास एक गोष्ट विशेषेंकरून नजरेस येते, ती ही कीं, त्याचा बराच मोठा भाग पगार न घेणाऱ्या माणसांच्या हातून घडला आहे. अमरावतीचें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालीं स्थापन झालें. पुण्याचें महाराष्ट्रीय मंडळ कॅप्टन शिवरामपंत दामले यांनीं १९२४ सालीं काढलें. मिशनच्या कार्याकडे पाहिलें तर हॅरी क्रो बक यांनीं १९२० सालीं मद्रास येथें वाय. एम. सी. ए. चें शारीरिक शिक्षणाचें विद्यालय सुरू केलें. अशा मोठ्या संस्थांच्या जोडीस गल्लोगल्लीं व गांवोगांवीं लहान लहान मंडळें उभीं राहिलीं. आजहि सायंकाळीं कोणत्याहि मैदानावर जावें. कोणी बँकेंतील कारकून, कोणी निवृत्त शिक्षक, कोणी किराणा दुकानदार गळ्यांत शिटी अडकवून वीस-पंचवीस मुलांस खो-खोचे, कबड्डीचे किंवा व्हॉलीबॉलचे धडे देतांना दिसेल. त्याबद्दल त्यास एक कवडीहि मिळत नाहीं. उलट चेंडू फाटला तर नवा त्याच्याच खिशांतून येतो.

अशा माणसांविषयीं आमच्या मनांत पूर्ण आदर आहे, आणि पुढें जें लिहावयाचें आहे तें त्यांस दोष देण्याकरितां नव्हे, हें आरंभींच सांगून ठेवितों. आमचा विषय त्यांची शिटी नसून त्यांची वही हा आहे.

पूर्वीं मंडळाची वही म्हणजे जाड पुठ्ठ्याची एक लांबट चोपडी असे. तींत मुलाचें नांव, वर्गणी आणि हजेरीच्या खुणा, एवढाच मजकूर. चोपडी कपाटांत आणि कपाटाची किल्ली चिटणिसाच्या घरीं. कोणास ती वाचावयाची झाल्यास मंडळाची पायरी चढून यावें लागे व चिटणिसाच्या नजरेसमोर पान उलटावें लागे. आतां ती वही चिटणिसाच्या मोबाईलमध्यें गेली आहे. तींत मुलाचें पूर्ण नांव, जन्मतारीख, शाळा, इयत्ता, घरचा पत्ता, आईबापांचे फोन, आधारपत्राची नक्कल, छायाचित्र, रक्तगट, उंची, वजन, आजार आणि औषधें इतका मजकूर असतो. आणि एका बोटाच्या स्पर्शानें तो सगळा शंभर ठिकाणीं जाऊं शकतो. तो कोणीं वाचला हें चिटणिसास कधींच कळत नाहीं.

‘खाजगी माहिती’ हा शब्द ऐकतांच पुष्कळ विद्यार्थ्यांस वाटतें कीं, ज्यांत कांहीं लपविण्यासारखें, लाजिरवाणें आहे तीच खाजगी. ही समजूत बरोबर नाहीं. जिच्यावरून अमुक एक मूल ओळखतां येईल अशी कोणतीहि माहिती त्या मुलाची वैयक्तिक माहिती होय. मुलाचा पत्ता टपालवाल्यास ठाऊक असतो, दूधवाल्यास ठाऊक असतो. त्यांत गुपित कांहीं नाहीं. तथापि दूधवाल्यास ठाऊक असणें आणि साऱ्या जगास ठाऊक असणें यांत अंतर आहे. शिवाय माहितीचा धोका बहुधा एकेका तुकड्यांत नसतो. तो तुकडे जोडण्यांत असतो.

एक उदाहरण घेऊं. समजा, एका मंडळाच्या मुलींनीं जिल्ह्याच्या स्पर्धेंत ढाल जिंकली. चिटणिसानें आनंदाच्या भरांत फेसबुकवर संघाचें छायाचित्र घातलें व खालीं बाराहि मुलींचीं पूर्ण नांवें, वयें आणि शाळा लिहिल्या. तीन आठवड्यांपूर्वीं त्याच ठिकाणीं दुसऱ्या कार्यकर्त्यानें सूचना घातली होती कीं, मुलींचा सराव दर मंगळवारीं व शुक्रवारीं सायंकाळीं सहा ते साडेसात अमुक मैदानावर होईल. आतां छायाचित्राखालीं एका मुलीच्या मावशीनें तिचें घरचें लाडकें नांव घेऊन अभिनंदन केलें. तिघांनींहि जें केलें तें प्रेमानें केलें, आणि तिघांपैकीं कोणाचेंहि कृत्य एकटें पाहिलें तर त्यांत वावगें कांहीं दिसत नाहीं. परंतु हे तीन तुकडे जोडणाऱ्या परक्या मनुष्यास त्या अकरा वर्षांच्या मुलीचा चेहरा, तिची शाळा, तिचें लाडकें नांव आणि मंगळवारीं साडेसात वाजतां ती कोणत्या फाटकांतून बाहेर पडेल हें सर्व ठाऊक झालें. त्यानें तिला घरच्या नांवानें हांक मारून “बाबांनीं तुला न्यायला पाठविलें आहे” असें म्हटलें तर ती त्यास परका कशावरून समजेल? मुलांस आम्ही शिकवितों कीं, अनोळखी माणसाबरोबर जाऊं नका. आणि अनोळखी माणसास ओळखीचा करून देण्याचें काम मात्र आम्हीच करून ठेवितों.

ह्यावर पालक म्हणतील, “आमच्या गांवांत असें कांहीं होत नाहीं, मंडळांत सगळे ओळखीचेच आहेत.” असें म्हणणाऱ्यांनीं आणखी कांहीं मुलांचा विचार करावा. एका मुलाचे आईबाप विभक्त झाले आहेत व बापाच्या त्रासामुळें आई दुसऱ्या गांवीं येऊन राहिली आहे. एक मुलगी बालगृहांतून सरावास येते. एका घरानें भाऊबंदकीच्या भांडणांत गांव सोडला आहे व नवा पत्ता कोणास दिलेला नाहीं. चिटणिसास हीं मुलें कोणतीं तें माहीत नसतें. आणि तें त्यास माहीत असलेंच पाहिजे असेंहि नाहीं. छायाचित्र प्रसिद्ध झाल्यावर मात्र ज्यास शोधावयाचें आहे त्यास तें बरोबर सांपडतें. ज्या मुलांस संरक्षणाची गरज आहे, ज्यांच्यावर अत्याचार झाला आहे किंवा जीं कायद्याच्या कचाट्यांत सांपडलीं आहेत, त्यांची ओळख कोणत्याहि प्रकारें प्रसिद्ध करण्यास बाल न्याय अधिनियम, २०१५ याच्या ७४ व्या कलमानें मनाई केली आहे. आणि लैंगिक अत्याचारास बळी पडलेल्या मुलांच्या बाबतींत २०१२ च्या पॉक्सो कायद्याचें २३ वें कलम नांव, पत्ता, छायाचित्र, कुटुंब, शाळा व शेजार यांपैकीं कांहींहि छापूं देत नाहीं. चिटणिसानें अशीं मुलें निवडून काढूं नयेत. निवडून काढणें म्हणजेच त्यांस उघडें करणें. म्हणून जो नियम करावयाचा तो सर्व मुलांस सारखा असावा.

दुसरा धोका पैशांचा आहे व तो आज घराघरांत कळूं लागला आहे. खेळाडूंची नांवें, वयें आणि पालकांचे फोन अशी एक यादी लबाडाच्या हातीं गेली म्हणजे पुरे. “आपल्या चिरंजीवांची निवड झाली आहे, गणवेश व प्रवासखर्चाचे पैसे आज रात्रींच पाठवा” असा फोन येतो. मुलाचें नांव बरोबर, खेळ बरोबर, वयाचा गटहि बरोबर. मग बाप संशय कशास घेईल?

आतां मंडळाच्या प्रवेशपत्राकडे वळूं, कारण बहुतेक घोटाळ्याचें मूळ तेथें आहे. एका मंडळाच्या प्रवेशपत्रांत आम्हीं ‘वडिलांचें वार्षिक उत्पन्न’ व ‘जात’ असे दोन रकाने पाहिले. हे कशासाठीं, असें विचारतां उत्तर मिळालें कीं, कोणत्या तरी शाळेच्या जुन्या कागदावरून तें पत्र उतरून घेतलें होतें. म्हणजे ती माहिती कोणास हवी होती असें नाहीं. रकाना होता म्हणून ती भरली गेली, आणि भरली गेली म्हणून ती साठली! प्रत्येक रकान्यापुढें “ह्याचें आम्ही काय करणार?” असा प्रश्न लिहून पाहावा. ज्याचें उत्तर सांपडत नाहीं तो रकाना खोडून टाकावा. आमचा अनुभव असा कीं, निम्मे रकाने ह्या एका प्रश्नानें गळून पडतात.

वयाचा रकाना मात्र राहावयासच पाहिजे. चौदा, सतरा, एकोणीस वर्षांखालील अशा गटांच्या स्पर्धा असल्यामुळें वय चोरण्याचा मोह आमच्या खेळांत पुष्कळ जुना आहे. क्रिकेटच्या नियामक मंडळास तर सोळा वर्षांखालील मुलांच्या हाताच्या हाडांचे क्ष-किरण फोटो काढून वय ताडून पाहण्याची पद्धति घालावी लागली. तेव्हां चिटणिसानें जन्माचा दाखला अवश्य पाहावा. परंतु दाखला पाहणें आणि दाखल्याची नक्कल आपल्याजवळ ठेवणें ह्या दोन अगदीं निराळ्या गोष्टी आहेत. पाहावा, ‘अमुक तारखेस दाखला पाहिला’ असें लिहून सही करावी आणि कागद मुलाच्या हातीं परत द्यावा. एवढ्यानें काम भागतें.

आधारपत्राविषयीं तर विशेषच सांगितलें पाहिजे. मंडळें वयाचा पुरावा म्हणून सर्रास आधारची नक्कल मागतात. परंतु सर्वोच्च न्यायालयानें २४ ऑक्टोबर २०२४ रोजीं एका अपघाताच्या नुकसानभरपाईच्या दाव्यांत असें म्हटलें आहे कीं, आधारपत्र ही ओळखीची खूण आहे, तो जन्मतारखेचा पुरावा नव्हे. आणि त्या दाव्यांत शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील तारीख ग्राह्य धरली. म्हणजे आम्ही मुलाचा बारा आंकडी क्रमांक गोळा करतों तो ज्या कामासाठीं, त्या कामास तो पुरा पडतोच असें नाहीं. वरिष्ठ संघटनेनें आधार मागितलाच तर गोष्ट वेगळी. तेव्हां तो तिच्याकडे पाठवावा व आपल्या फोनांतील नक्कल त्याच दिवशीं पुसून टाकावी. केवळ ओळखीकरितां हवा असेल तर ज्यावर शेवटचे चारच आंकडे दिसतात असें झांकलेलें आधारपत्र सरकारी संकेतस्थळावरून मिळतें. ही सोय फार थोड्या पालकांस माहीत आहे.

इतका वेळ आम्ही माहिती कमी घ्या, कमी ठेवा असें सांगत आलों. आतां जी माहिती घेतलीच पाहिजे तिच्याकडे येऊं, आणि आमच्या मतें ह्या सर्व विषयाचें मर्म येथेंच आहे.

मुलास दमा आहे काय? फेफऱ्याचे झटके येतात काय? मधुमेह आहे काय? मधमाशी चावली असतां अंग सुजून श्वास कोंडतो काय? ह्या प्रश्नांचीं उत्तरें मैदानावरच्या माणसास ठाऊक नसतील तर कधीं कधीं मुलाच्या जिवाशींच गांठ पडते. दम्याच्या मुलाचा श्वसनाचा पंप त्याच्या पिशवींत कोणत्या कप्प्यांत आहे, हें प्रशिक्षकास माहीत असलेंच पाहिजे. मधुमेही मुलाची साखर उतरली म्हणजे तो चिडखोर होतो, अडखळतो; हें न समजणारा प्रशिक्षक त्यास शिक्षा म्हणून मैदानाला आणखी एक फेरी मारावयास लावील. झटका आलेल्या मुलाच्या तोंडांत कांहीं घालूं नये, त्यास दाबून धरूं नये, कुशीवर वळवावें व किती मिनिटें झालीं तें घड्याळांत पाहावें; पण त्यास झटके येतात हेंच ठाऊक नसेल तर भोंवतालचे लोक कांदा आणि चामड्याचा जोडा शोधूं लागतात.

असें असतां पालक हे आजार लपवितात. कां लपवितात? मुलास संघांतून काढतील ही एक भीति. परंतु मुलीच्या आईची त्याहून मोठी भीति अशी कीं, फेफऱ्याची गोष्ट गांवभर होईल आणि उद्यां तिच्या लग्नाच्या वेळीं आड येईल. ही भीति खोटी आहे असें आम्हांस म्हणतां येत नाहीं. ज्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत “आज अमका कां आला नाहीं?” ह्या प्रश्नास “त्याला कावीळ झाली आहे” असें उत्तर दोनशें माणसांदेखत मिळतें, त्या मंडळास आई फेफऱ्याची गोष्ट सांगणार नाहीं, आणि न सांगण्यांत ती शहाणपणच करील. याचा अर्थ असा कीं, माहिती जपणें हें कांहीं कायद्याचें एक जादा ओझें नव्हे. जेथें सांगितलेलें सांगितल्या ठिकाणींच राहतें, तेथेंच पालक खरें सांगतात. आणि खरें कळलें तरच मुलाचें रक्षण करतां येतें. गुप्तता आणि सुरक्षितता ह्या दोहोंचें भांडण आहे असें पुष्कळांस वाटतें. मैदानावर तरी तसें नाहीं.

मग ही माहिती ठेवावी कोठें? आमची सूचना साधी आहे. प्रत्येक मुलाकरितां एक लहान कार्ड करावें: नांव, आजार, औषध, काय करावें, कोणास फोन करावा. तें बंद पाकिटांत घालून प्रथमोपचाराच्या पेटींत ठेवावें. पेटी मैदानावर येते व प्रशिक्षकाबरोबर परत जाते. पाकीट उघडण्याचा अधिकार प्रशिक्षक व त्याचा एक सहायक यांस असावा. दोघांनींहि वर्षाच्या आरंभीं तीं कार्डें एकदां वाचून ठेवावींत. जिवावरचा प्रसंग आला तर डॉक्टरास माहिती देण्याकरितां कोणाची परवानगी शोधीत बसूं नये. पुढें ज्या कायद्याचा उल्लेख येणार आहे त्यानेंहि अशा प्रसंगास मोकळीक दिली आहे.

वजनाविषयींहि दोन शब्द लिहितों. कुस्तींत वजनाचे गट असतात, कबड्डीच्या कुमारगटांत वजनाची मर्यादा असते. तेव्हां वजन करणें भाग आहे. परंतु काट्याजवळ उभें राहून सर्वांदेखत आंकडा ओरडून सांगण्याची जी चाल आहे ती सोडून द्यावी. तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींच्या मनास तो आंकडा किती लागतो, हें जुन्या गड्यांच्या ध्यानांत येत नाहीं. ती मुलगी दुसऱ्या दिवशीं सरावास येत नाहीं, आणि कां आली नाहीं हें कोणासहि सांगत नाहीं.

छायाचित्रांच्या बाबतींत इंग्लंडांतील क्रीडामंडळांत एक सोपा नियम पुष्कळ ठिकाणीं पाळतात. तेथेंहि मुलांचीं मंडळें मुख्यतः स्वयंसेवकच चालवितात. नियम असा: मुलाचें चित्र छापावयाचें तर पूर्ण नांव छापूं नये, आणि पूर्ण नांव छापावयाचें तर चित्र छापूं नये. आमच्याकडे हा नियम थोडा कडक वाटेल, कारण वर्तमानपत्रांत नांवासह फोटो येणें हा घराघरांतील आनंदाचा दिवस असतो आणि तें कात्रण आजी आपल्या पेटींत जपून ठेवते. तो आनंद हिरावून घ्यावा असें आम्ही म्हणत नाहीं. पालकांस व खुद्द मुलास विचारून, त्या एका प्रसंगापुरतें, नांवासह चित्र द्यावें. मात्र दररोजच्या सरावाचीं, घामाघूम झालेल्या व पडलेल्या-झडलेल्या मुलांचीं चित्रें नांवानिशीं घालण्याचें कारण नाहीं. कपडे बदलण्याच्या खोलींत तर कोणाचाहि फोन बाहेर निघतां कामा नये, प्रशिक्षकाचाहि नव्हे व मुलांचाहि नव्हे. विद्यार्थ्यांनीं येथें विशेष लक्ष द्यावें, कारण असलीं चित्रें बहुधा मोठीं माणसें काढीत नाहींत. थट्टेनें सोबतीच काढतात.

आणखी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. फोनच्या कॅमेऱ्यांत स्थान नोंदण्याची सोय चालू असेल तर प्रत्येक चित्राच्या पोटांत तें कोणत्या अक्षांश-रेखांशावर व किती वाजतां काढलें हें नकळत लिहिलें जातें. धांवण्याचा हिशेब ठेवणारीं उपकरणें अशीच वाट नोंदून ठेवतात. जानेवारी २०१८ मध्यें स्ट्राव्हा नांवाच्या अशा एका साधनानें प्रसिद्ध केलेल्या जगाच्या नकाशांत व्यायामासाठीं धांवणाऱ्या शिपायांच्या वाटा उमटल्या, व कित्येक लष्करी तळांचे आराखडे लोकांस दिसले. जेथें लष्कराची अशी फजिती झाली तेथें पहाटे घरून निघून घरींच परतणाऱ्या मुलाची वाट काय लपून राहणार! अशा साधनांत सुरुवातीची व शेवटची जागा झांकण्याची सोय असते. ती मुलांनीं लावून घ्यावी.

व्हॉट्सअ‍ॅपचा गट आतां सुटणें कठीण. सराव रद्द झाल्याची बातमी त्याहून लवकर कोण पोंचविणार? तथापि साध्या गटांत प्रत्येकास प्रत्येकाचा फोन दिसतो, हें ध्यानांत धरावें. म्हणून सूचनेचा गट निराळा असावा व त्यांत फक्त चालकांनींच लिहावें. अठरा वर्षांखालील मुलाचा स्वतःचा फोन मंडळानें घेऊंच नये. निरोप पालकास द्यावा. प्रशिक्षकानें एकट्या मुलाशीं रात्रीं-अपरात्रीं संदेश पाठवून बोलणें हें कितीहि निर्मळ मनानें असलें तरी रीतीस धरून नाहीं. त्यांत दुसरें एक मोठें माणूस असावें. ह्यानें मुलाचें रक्षण होतें, व चांगल्या प्रशिक्षकाच्या नांवाचेंहि होतें.

कायद्याचें स्वरूप थोडक्यांत सांगतों. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क-करारांतील सोळाव्या कलमानें मुलाच्या खाजगी जीवनास संरक्षण दिलें, व १९९२ सालीं भारत त्या करारांत सामील झाला. पुढें निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं एकमतानें निर्णय दिला कीं, खाजगीपणा हा संविधानाच्या २१ व्या कलमाखालील मूलभूत हक्क आहे. त्यानंतर २०२३ सालीं डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले, आणि मुख्य बंधनांच्या अंमलास त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. ह्या कायद्यानें अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ति बालक आहे. तिची माहिती वापरण्यापूर्वीं आई, बाप किंवा पालक यांची पडताळून पाहतां येईल अशी संमति घ्यावी लागते. मुलांवर पाळत ठेवणें किंवा त्यांस उद्देशून जाहिराती करणें यास बंदी आहे. दिलेली संमति मागें घेतां येते, आणि काम संपल्यावर माहिती पुसावी लागते. संमति मागणारें पत्रक इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचींतील भाषेंत, अर्थात् मराठींतहि, मागण्याचा पालकांस अधिकार आहे.

“आमचें मंडळ नोंदलेलेंहि नाहीं, आम्हांस कसला कायदा!” असें म्हणणाऱ्यांस सांगावयाचें तें हें कीं, ह्या कायद्यांतील ‘व्यक्ति’ ह्या शब्दांत नोंदणी नसलेला माणसांचा समूहहि येतो. कागदाच्या चोपडीस हा कायदा लागत नाहीं. पण त्या चोपडीच्या पानाचा फोटो काढून ती यादी फोनांत ठेवली कीं लागतो. मुलांसंबंधींच्या बंधनांच्या भंगास दोनशें कोटि रुपयांपर्यंत दंड आहे. हा आंकडा ऐकून कोणीं शिटी खालीं ठेवूं नये. ती वरची मर्यादा आहे, आणि दंड ठरवितांना चुकीचें स्वरूप व गांभीर्य पाहावें असें त्याच कायद्यांत सांगितलें आहे. आम्हांस भीति वाटते ती निराळीच. ती अशी कीं, दंडाच्या धास्तीनें मंडळें पांच-पांच पानांचीं संमतिपत्रें छापतील, पालक न वाचतां सह्या करतील, आणि यादी पूर्वींसारखीच गांवभर हिंडेल. पानभर सोपें मराठी पुरेसें आहे: कोणती माहिती घेतों, कशाकरितां, कोण पाहील, केव्हां पुसूं. छायाचित्राची परवानगी त्याच सहींत गुंडाळूं नये. ती निराळी विचारावी, व ‘नको’ म्हणणाऱ्याच्या मुलास संघांत तितकेंच स्थान असावें.

कोणा एकाचें हें काम आहे असें ठरविल्याशिवाय तें कोणाचेंच राहत नाहीं. इंग्लंडांतील फुटबॉल मंडळांत मुलांचे संघ असतील तर बालकांच्या हिताकडे पाहणारा एक अधिकारी नेमावा लागतो. आमच्या मंडळांनींहि अशी एक व्यक्ति, शक्य तर एखादी माता, नेमावी. तिच्याजवळ यादी असावी. इतरांनीं आपल्या फोनांत नक्कल ठेवूं नये. मंडळ सोडून जाणारा कार्यकर्ता किल्ली व वर्गणीचा हिशेब देतो, परंतु त्याच्या फोनांतील यादी त्याच्याबरोबर जाते, हें कोणाच्या ध्यानींमनींहि येत नाहीं. निरोपाच्या चहाच्या वेळींच ती त्याच्याकडून पुसवून घ्यावी. त्यांत अविश्वास कांहीं नाहीं.

वर्गांतील विद्यार्थ्यांकरितां एक अभ्यास देतों. आपल्या मंडळाच्या प्रवेशपत्राची कोरी प्रत आणावी, डाव्या बाजूस प्रत्येक रकाना व उजव्या बाजूस त्याचें कारण लिहावें, आणि ज्यांचें कारण सांपडलें नाहीं त्यांची यादी नम्रपणें चिटणिसांस दाखवावी. दुसरें, मंडळाच्या प्रसिद्ध झालेल्या जुन्या मजकुरावरून स्वतःविषयीं परक्यास काय काय जुळवितां येईल तें घरीं आईबापांसह बसून पाहावें. अशा शोधांत कोणाकडून त्रास होत असल्याचें उघडकीस आलें तर तें मनांत ठेवूं नये. मुलांकरितां १०९८ हा फोन रात्रंदिवस विनामूल्य चालतो.

हंगाम संपला म्हणजे काय ठेवावें व काय पुसावें, हा प्रश्न शेवटीं उरतो. सामन्यांचे निकाल, संघांतील नांवें, ढालीचीं वर्षें हा मंडळाचा इतिहास आहे व तो राहावा. पन्नास वर्षांनीं कोणी नातू तो शोधीत येईल. पत्ते, फोन, दाखल्यांच्या नकला व आजारांचीं कार्डें यांचा इतिहासाशीं संबंध नाहीं. तीं वर्षअखेरच्या सभेपूर्वीं नष्ट करून तशी नोंद सभेच्या वृत्तांतांत करावी. जे विद्यार्थी पुढील वर्षीं अठरा वर्षांचे होतील त्यांच्या संमतीचा अधिकार आईबापांकडून त्यांच्याच हातीं येईल. जुन्या मंडळाकडे आपली कोणती माहिती उरली आहे हें विचारण्याचा व ती पुसून मागण्याचा अर्ज त्यांनीं स्वतःच्या सहीनें करावा. अर्ज प्रथम मंडळाकडे करावयाचा असतो, आणि तेथें दाद न लागल्यास ह्या कायद्याखालील केंद्रीय मंडळाकडे जातां येतें.